तीस किलोमीटरपर्यंतची हिरुत

हिरुत आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा तिनं पेशंटकडे पाहिलंच नाही. तिनं आधी हॉल पाहिला. दारात बूट काढले, त्यातच मोजे कोंबले आणि कोचापासून स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत अनवाणी दोनदा चालून आली. मग मला म्हणाली, "डॉक्टर, माझी एकवीस पावलं होतात. एमामाला किती जमतात?"

"एकही नाही," मी म्हणालो. मला रागच आला होता. एजन्सीनं पाठवलेली ही चौथी बाई. आधीच्या तिघींनी निदान सुधाकडे बघून हसण्याची तसदी तरी घेतली होती.

एमामा म्हणजे त्यांच्या इथिओपियात वयस्कर बाईला मारायची हाक, आपल्या आजीसारखी. सुधा ही माझी बायको. तिला स्ट्रोक येऊन तेव्हा आठ महिने झाले होते. उजवी बाजू लुळी पडली होती. अमेरिकेतल्या आमच्या बॉथेल गावच्या मराठी मंडळात वीस वर्षं गणपतीचं सूत्रसंचालन करणारी, हातातून माइक काढून घ्यावा लागणारी ही बाई, आणि आता तिच्याकडे चारच शब्द उरले होते: हो, नको, चल आणि अगं. फिजिओथेरपिस्ट आला की ती डोळे मिटून घ्यायची. आमची मुलगी रुचा बोस्टनहून रोज फोनवर विचारायची, "बाबा, इज शी ट्रायिंग?" मी हो म्हणायचो. ते साफ खोटं होतं.

दुसऱ्या दिवशी हिरुतनं सुधाला वॉकर देऊन उभं केलं आणि स्वतः तिच्या पुढे, किंचित डावीकडे, चक्क पाठ करून उभी राहिली. मी ओरडलोच.

"अगं, मागे उभी राहा! पडली तर धरणार कोण?"

"तुम्ही धरा," ती मान न वळवता म्हणाली. "मी पुढे असले की एमामाला वारा लागणार नाही."

"स्वयंपाकघरात कुठला आलाय वारा?"

"असतो, डॉक्टर. बसून राहणाऱ्यांना कळत नाही."

सुधा फिसकन हसली. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आणि हसता हसता तिचा डावा पाय पुढे पडला, मग उजवा घासत मागून आला. त्या दिवशी तीन पावलं झाली. महिन्याभरात ती टेबलापर्यंत पोचायला लागली. हिरुत पुढे चालायची, टेबल चार पावलांवर आलं की झटकन उजवीकडे बाजूला व्हायची आणि म्हणायची, "आता तुझं तू." ती चार पावलं सुधा एकटी टाकायची. टाकून झाली की दोघी एकमेकींकडे बघून अशा काही हसायच्या, की मला आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटायचं.

हिरुत पाच फुटांची, अंगावर मांस म्हणून नाही. खुर्चीत कधी नीट टेकून बसायची नाही, कडेला बसायची, कोणी हाक मारणार असल्यासारखी. कॉफी आमच्या तव्यावर हिरव्या बिया भाजून करायची, त्यापायी धुराचा अलार्म दोनदा कोकलला. तिच्या डोक्यात घड्याळ होतं. दूध वर यायच्या आधी ती शेगडीपाशी हजर. माझा स्वभाव खोडसाळ, मी परीक्षा घेतली. म्हटलं, "तीन मिनिटं वीस सेकंद झाली की सांग." ती सुधाची नखं कापत होती, रुचाच्या लहानपणचे फोटो बघत होती, मध्येच खिडकीतल्या खारीला तिच्या भाषेत काहीतरी बोलली आणि म्हणाली, "झाली." माझ्या घड्याळात बरोबर तीन वीस.

"हे कुठे शिकलीस?" मी विचारलं.

"तेच माझं काम होतं," ती म्हणाली.

मग तिनं ते काम समजावून सांगितलं. मोठ्या मॅरेथॉनमध्ये आयोजक एखाद्या धावणारीला पेसमेकर म्हणून ठेवतात. तिनं सगळ्यांच्या पुढे, ठरवून दिलेल्या वेगानं, वारा अंगावर घेत धावायचं. एका किलोमीटरला दोन सेकंद इकडे नाहीत, दोन सेकंद तिकडे नाहीत. तीस किलोमीटरची पाटी आली की उजवीकडे बाजूला व्हायचं आणि थांबायचं. मागून येणाऱ्या पुढे निघून जातात, त्यातली एक जिंकते. हिरुतनं हे अकरा वर्षं केलं. तिचा नवराच तिचा मॅनेजर होता. तो म्हणायचा, धावून हरण्यापेक्षा हे पक्कं काम आहे. पुढे लग्न मोडलं, तो दुसऱ्या मुलींचा मॅनेजर झाला आणि ही अमेरिकेत म्हाताऱ्यांची सेवा करायला लागली.

तिनं माझ्या लॅपटॉपवर स्वतःचं नाव टाकून दाखवलं. चौदा मॅरेथॉन. चौदा ओळी. प्रत्येक ओळीत वेळेच्या जागी एकच शेरा होता: पूर्ण केली नाही.

"माझा बाप डोंगरात राहतो," ती म्हणाली. "शर्यत झाली की फोनवर विचारतो, आज तरी पोचलीस का? मी सांगते, आबा, मला थांबायचेच पैसे मिळतात. त्याला पटत नाही. म्हणतो, जो सगळ्यांच्या पुढे आहे त्याला थांब असं कोण सांगेल? गावात सांगतो, माझी पोरगी चांगली आहे, पण छातीनं कमजोर आहे."

मी हसलो. ती हसली नाही.

एकदा तरी स्वतःच्या नावानं बेचाळीस किलोमीटर पूर्ण करायचे, आणि तेही बापानं गावात सांगावी अशा वेळेत, अडीच तासांच्या आत, एवढंच तिला हवं होतं. मी म्हटलं, "अगं, इथे दर रविवारी कुठे ना कुठे मॅरेथॉन असते. जा आणि पळ." तिला ते लागलं. गर्दीत मागे उभं राहून, बाबागाडी ढकलणाऱ्या आयांबरोबर निघून तसली वेळ येत नाही. पुढच्या, निवडलेल्यांच्या रांगेत जागा मिळावी लागते. त्यासाठी ती तीन वर्षं ईमेल पाठवत होती. वय कागदोपत्री चौतीस, खरं सदतीस. "आमच्या कॅलेंडरात अजून सात वर्षं मागचं साल चालू आहे," ती म्हणायची, "पण पायांना ते कॅलेंडर वाचता येत नाही."

त्यात तिचे उपवास. ईस्टरच्या आधी जवळजवळ दोन महिने. दुपारी तीनपर्यंत पाण्याचा थेंब नाही, तीननंतर दूध, अंडं, तूप वर्ज्य. आणि पहाटे नदीकाठच्या ट्रेलवर वीस किलोमीटर. सुधाच्या एकादशीला मी साबुदाणावडे तळत होतो, तर डोळे मोठे करून म्हणाली, "डॉक्टर, उपवासाला तळलेलं? देव काही म्हणत नाही?"

"चाळीस वर्षांत तरी नाही म्हणाला."

मग मी तिला झापलं. पस्तीस वर्षं मी रेडिऑलॉजिस्ट होतो, अंधाऱ्या खोलीत बसून लोकांची हाडं बघितली. दूध नाही, पाणी नाही आणि वर इतकं धावणं, यानं हाडांचं काय होतं हे मला ठाऊक होतं. ती शांतपणे म्हणाली की शर्यत पूर्ण होईपर्यंत एकही उपवास मोडायचा नाही असं तिनं मेरीमातेला कबूल केलंय. आपल्याकडे याला नवस म्हणतात, हे मी तिला सांगितलं. शब्द तिला आवडला. दिवसभर "नवस, नवस" करत घरात फिरली.

आणि खरंच जानेवारीत पत्र आलं. आमच्यापासून चार तासांवरच्या एका शहरातली मॅरेथॉन, मे महिन्यात. पुढच्या रांगेत जागा, आणि छातीवर लावायच्या पट्टीवर नंबराच्या ठिकाणी तिचं नाव छापणार होते. हिरुतनं ते पत्र सुधाला वाचून दाखवलं, मग मला, मग पुन्हा सुधाला.

पण पाय तिसाव्या किलोमीटरला थांबायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहितोय, नाहीतर माझाही विश्वास बसला नसता. ट्रेलवर तिनं फेऱ्या आखल्या होत्या. तीस पूर्ण व्हायची ती जागा एका बाकापाशी होती. सुधाला व्हीलचेअरवर घेऊन मी तिथे थांबायचो. ती यायची, श्वाससुद्धा चढलेला नसायचा, आणि बाकापाशी तिचे पाय उजवीकडे गवतात वळायचे. कोणी दंडाला धरून बाजूला घ्यावं तसे. पहिल्या वेळी ती गोंधळून हसली. तिसऱ्या वेळी गवतात बसून स्वतःच्या मांड्यांवर बुक्क्या मारायला लागली. तिचं ते रडणं बघवेना. मी डॉक्टर माणूस, तिला शास्त्र सांगायला लागलो, सवय, मेंदू वगैरे. सुधानं मला डाव्या हातानं गप्प केलं.

पुढच्या रविवारी हिरुत बाकापाशी आली, पाय वळायला लागले, आणि सुधा ओरडली, "चल!" इतक्या मोठ्यानं की ट्रेलवरचे सायकलवाले थबकले. "चल! चल! अगं चल!" हिरुत वळता वळता सरळ झाली आणि पुढे गेली. त्या दिवशी ती छत्तीस किलोमीटर धावली. परत येऊन तिनं सुधाच्या पायांवर डोकं ठेवलं आणि दोघी रडल्या. मीही रडलो, उगाच लपवत नाही.

मार्चअखेर तिला जांघेत दुखायला लागलं. उपवास चालू होते. आठवडाभर लपवलं, मग सुधाला उचलताना कळवळली तेव्हा मी तिला तपासायला पाठवलं. एमआरआय झाला. रिपोर्टमध्ये स्वच्छ लिहिलं होतं: खुब्याच्या हाडाच्या मानेला चीर, सहा आठवडे पायावर भार द्यायचा नाही. तिनं तो रिपोर्ट आणि सीडी माझ्यासमोर ठेवली.

"मी त्यांना ओळखत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला ओळखते. तुम्ही बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी धावणार नाही."

मी पाहिलं. हाडाच्या आतल्या बाजूला केसाएवढी काळी रेघ होती आणि तिच्याभोवती सूज. शिकाऊ डॉक्टरालाही दिसली असती.

आता जे लिहायचंय ते मी रुचालाही सांगितलेलं नाही. मला नाही म्हणायचं होतं. पण नाही म्हटलं तर हिरुत कुबड्यांवर जाणार, दोन-तीन महिने कामावर येणार नाही, आणि सुधा पुन्हा कोचावर डोळे मिटून बसणार. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि मग तोंडातून ते वाक्य बाहेर पडलं जे मी पस्तीस वर्षं रिपोर्टांखाली लिहीत आलो होतो. आम्हा लोकांची ती खोडच आहे, कधी अंगाशी येऊ नये म्हणून लावून घेतलेली. मी म्हणालो, "चीर दिसते आहे. पण कितपत टिकेल हे नुसतं चित्र बघून निश्चित सांगता येत नाही. हाडांच्या डॉक्टरला दाखव."

"म्हणजे टिकूही शकेल," ती म्हणाली.

मी सीडी काढून तिच्यापुढे केली. तिनं सीडी पाकिटात घातली आणि सुधाला उठवायला गेली.

नंतरचे सहा आठवडे ती जमिनीवर धावली नाही. रोज पहाटे तलावात कमरेला पट्टा बांधून पाण्यात पाय मारायची, मग आमच्याकडे यायची. लंगडणं कमी झालं. ती म्हणायची, "दुखत नाही, डॉक्टर." मी म्हणायचो, "छान." माझ्या मनानं तेवढ्यावर समाधान मानून घेतलं.

शर्यतीला रुचा बोस्टनहून आली, गाडी तिनंच चालवली. रस्ता असा होता की तिसाव्या किलोमीटरला धावणारे ज्या चौकातून बाहेर जायचे, त्याच चौकातून साडेचाळीसला परत यायचे. आम्ही तिथेच सुधाची व्हीलचेअर लावली. शेजारी मेडिकलचा तंबू होता. रुचा कॉफी आणायला गेली.

हिरुत आली. पुढच्या सात-आठ जणींमध्ये होती, छातीवर स्वतःचं नाव, चेहरा दगडासारखा. सुधा आधीपासूनच ओरडत होती, "चल! चल!" तीसची पाटी आली आणि गेली. हिरुत सरळ गेली. तिनं आमच्याकडे पाहिलंही नाही, पण जाता जाता एक हात वर केला. मी अनोळखी माणसाला मिठी मारली.

परत यायला तिला अडतीस मिनिटं लागायला हवी होती. अडतीस झाली. पंचेचाळीस झाली. तिच्यासोबतच्या सगळ्याजणी येऊन गेल्या. अर्धमॅरेथॉनवाले हळूहळू त्याच रस्त्याला येऊन मिळत होते, गप्पा मारत, फोटो काढत. एक्कावन्न मिनिटांनी त्या गर्दीत ती दिसली.

ती धावत नव्हती. डाव्या पायावर उडी घेत होती आणि उजवा मागून ओढत होती. प्रत्येक उडीला तिचं तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. मी आयुष्यभर हाडंच बघितली. ती रेघ आता कुठवर गेली असेल हे मला चित्राशिवाय दिसत होतं. अजून थोडं, आणि हाड सरकलं तर खुब्याचा रक्तपुरवठा तुटणार, कायमचं अपंगत्व. मी तंबूकडे वळलो आणि हात वर केला.

सुधानं माझी बाही धरली. "नको," ती म्हणाली. "नको. नको."

मी तिची बोटं सोडवली. तंबूतल्या दोघांना ओरडून सांगितलं, मी डॉक्टर आहे, तिच्या खुब्याला चीर आहे, तिला थांबवा.

ते धावत गेले. एकानं तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. तिनं हिसडा दिला, हात सोडवून घेतला, आणि तोल सावरायला उजवा पाय जमिनीवर जोरात टेकवला. मग ती किंचाळली आणि खाली बसली. हाड तेव्हा तुटलं की आधीच तुटलं होतं, हे मी कोणाला विचारलं नाही.

तंबूत तिला खाटेवर ठेवलं होतं. मी आत गेलो. सॉरी म्हणालो, काय काय बोललो ते आठवत नाही.

"किती राहिलं होतं?" तिनं विचारलं.

"पावणेदोन किलोमीटर."

"मी रांगत गेले असते." मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, डॉक्टर. तेव्हा तुम्ही नाही म्हणाला नाहीत. तेव्हा म्हणाला असतात तर मी थांबले असते. पुढच्या वर्षी धावले असते." तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

तिचं ऑपरेशन झालं, तीन स्क्रू बसवले. त्यानंतर ती मिनेसोटातल्या चुलत बहिणीकडे गेली. मी पाठवलेल्या मेसेजना उत्तर आलं नाही. धावणं संपलं, एवढं एजन्सीकडून कळलं. बापाला तिनं काय सांगितलं असेल याचा विचार मी करतो आणि मग उठून दुसऱ्या खोलीत जातो. सुधा नव्या बाईबरोबर थोडं चालते. मी हात पुढे केला तर धरत नाही.

मी हिरुतला शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, चौकात. ॲम्ब्युलन्स आली होती, पण रस्ता ओलांडून जायला फट मिळत नव्हती, कारण धावणाऱ्यांचा लोंढा थांबत नव्हता. ॲम्ब्युलन्सचं मागचं दार उघडं होतं. हिरुत आत पट्ट्यांनी बांधलेली, डोकं जरा उंच केलेलं. मी दारापासून चार हातांवर उभा होतो, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती रस्त्याकडे बघत होती. केळ्याचा पोशाख घातलेला एक माणूस गेला. गुडघ्याला पट्टा बांधलेल्या, माझ्या वयाच्या दोन बायका हातात हात घालून हसत गेल्या. एक जाडगेला तरुण फोनवर बोलत चालत गेला. हिरुत एकेकाला चौकाच्या टोकापर्यंत डोळ्यांनी सोडून येत होती आणि पुढच्यासाठी परत फिरत होती. सगळे पोचणार होते. शेवटी शिट्टी वाजवून स्वयंसेवकांनी गर्दी थोपवली, कोणीतरी ॲम्ब्युलन्सचं दार लावलं आणि गाडी रस्त्यापलीकडे निघून गेली.